बॉनेटवरचे दोन पट्टे

मोटारीवर पट्टे चिकटवायचे तर आधी मोटार धुवावी लागते. आणि ज्या उन्हाळ्यात आमच्या मोटारीला पट्टे लागले त्या उन्हाळ्यात गावात माणसाला अंघोळीपुरतं पाणी नव्हतं. हातपंपाचा दांडा मारून मारून खांदे भरून यायचे तेव्हा कुठं एक कळशी भरायची, तीही गढूळ. टँकर एक दिवसाआड यायचा, आला तर. अशा दिवसांत माझ्या नवऱ्यानं दोन कळश्या पाणी मोटारीवर ओतलं, आणि ते मी भरून आणलेलं होतं. तेव्हा मी त्याला मालक म्हणायचे, आमच्याकडं तसंच म्हणतात. आता नवरा म्हणते. तो राहिला नाही म्हणून मी धीट झाले असं कुणाला वाटत असेल तर खुशाल वाटू दे. तो असता तरी मी हेच लिहिलं असतं.

आमचं गाव जळकोटच्या आत दोन कोसांवर. हायवे सोडला की खडी, आणि खडी संपली की नुसता फुफाटा. गावात मुक्कामाला येणारी एक एसटी होती. ती सकाळी सहाला सुटायची आणि तुळजापूरवरून उस्मानाबादला जायची. तिच्यानंतर गावातून बाहेर पडायचं तर पाय होते. नवरा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होता, उसाच्या नोंदी घेत गावोगाव फिरायचा. कारखाना सहकारी. त्या साली ऊस उभा वाळला, पण कारखान्याच्या माणसाचा रुबाब काही वाळला नाही. सोलापूरच्या एका डॉक्टरानं वापरून वापरून टाकलेली मळकट पांढरी मोटार यानं विकत घेतली आणि दारातल्या लिंबाखाली आणून उभी केली.

गाडी आली त्या दिवशी सासूनं तिला ओवाळलं. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. नवी गाडी आली की तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढायची रीत आहे. पाण्यात कालवलेलं कुंकू वाळलं की उडून जातं, म्हणून आत्याबाईंनी ते करडीच्या तेलात कालवलं आणि बॉनेटच्या मधोमध, चांगलं वीतभर रुंद, बोटानं गिरवून गिरवून काढलं. वर हुकूम केला की हे कुणी पुसायचं नाही, जाईल तेव्हा आपोआप जाईल. ते कसलं जातंय. उन्हानं तेल पसरलं, त्याच्यावर फुफाटा बसला आणि बॉनेटवर तांबूस चिकट डाग पडला तो पडलाच.

त्याच सुमाराला मला पत्र आलं. शाळामास्तरणीच्या नोकरीची मुलाखत होती, शनिवारी सकाळी दहाला, उस्मानाबादला. मी लग्नाआधी डी.एड. केलेलं. ते कसं केलं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात माझा बाप सडकेच्या कामावर खडी फोडायचा. मी लहान होते, आईबरोबर तिथं जायचे, वाटपाची सुकडी खायचे आणि बापाच्या हातावरचे फोड मोजायचे. तिथंच एकदा कुणीतरी त्याला म्हणालं की पोरगी थोडी मोठी झाली की तिलाही खडीची पाटी उचलायला आणा, तेवढाच हातभार. बाप फार बोलणारा नव्हता. तो एवढंच म्हणाला, "हिच्या हातात खडू दीन, पाटी न्हाय." आणि त्यानं ते करून दाखवलं. कसं, ते त्याचं त्याला माहीत. लग्न ठरवताना त्यानं माझ्या सासरच्यांकडं एकच गोष्ट मागितली होती, की पोरीला नोकरीचं बोलावणं आलं तर अडवू नका. नवऱ्यानं चारचौघांत मान डोलावली होती.

आणि पत्र आलं तेव्हा त्याला आनंदच झाला, निदान तसं दिसलं तरी. पारावर नेऊन त्यानं ते चारजणांना वाचून दाखवलं. मला म्हणाला की एसटीच्या दाटीत जायचं, साडी चुरगाळून घ्यायची, घामेजल्या तोंडानं साहेबांसमोर बसायचं, हे आपल्याला शोभत नाही. आपल्या गाडीतून जाऊ. मी खूश झाले. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि माझ्या एखाद्या कामासाठी त्यानं स्वतः होऊन काही करायचं म्हटलं असं पहिल्यांदाच घडत होतं. खूश होणार नाही तर काय.

आता पट्ट्यांचं सांगते. सोलापूरच्या गॅरेजात त्यानं भिंतीवर एका शर्यतीच्या मोटारीचं चित्र पाहिलं होतं. तिच्या नाकापासून शेपटापर्यंत दोन काळे पट्टे, टपावरूनसुद्धा गेलेले. ते याच्या डोक्यात बसले. आमच्या रस्त्यावर बैलगाडी आमच्या मोटारीच्या पुढं जायची, पण पट्टे शर्यतीचेच पाहिजेत. शिवाय मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, गावात सोसायटीच्या गोदामाचं उद्घाटन होतं आणि कारखान्याचे चेअरमन यायचे होते. त्यांच्या जीपच्या पुढं आपली गाडी वाट दाखवत हायवेवरून गावात आणायची, असं यानं मनानंच ठरवलेलं. त्यांनी काही सांगितलेलं नव्हतं. तर सोलापुरातल्या एका दुकानातून तो चिकटपट्टीची भली मोठी गुंडाळी घेऊन आला. काळी, चकचकीत, मागं कागद लावलेली. कागद सोलायचा आणि चिकटवायची.

शुक्रवारी त्यानं रजा टाकली. ऊन चढायच्या आत काम उरकायचं म्हणून आम्ही दिवस उगवतानाच लागलो. आधी गाडी धुतली. शेजारची बाई रिकामी घागर घेऊन पंपाकडं निघाली होती, ती थांबून बघत राहिली आणि म्हणाली की आमच्या म्हशीपेक्षा तुमच्या मोटारीचं नशीब थोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्यानं तिकडं कानाडोळा केला.

एकट्यानं व्हायचं हे काम नव्हतंच. पट्टी लांबलचक, एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं. खाली साबणाचं पाणी मारलं की ती घसरते आणि जागेवर नेता येते. मग मधून कडेकडं दाबत दाबत खालचं पाणी आणि हवा बाहेर काढायची. त्यानं एकट्यानं पहिला तुकडा लावला तो नांगराच्या तासासारखा वाकडा गेला, काढून टाकावा लागला. मग मी पदर खोचला. फलकलेखनात मी आमच्या वर्गात पहिली होते. काळ्या फळ्यावर पट्टी न लावता सरळ ओळ काढायचे. मी घरातून सुतळी आणली, तिला खडू चोळला, बॉनेटपासून डिकीपर्यंत ताणून टिचकी मारली आणि दोन सरळ रेघा उमटवल्या. हवा काढायला माझी डी.एड.ची लाकडी फूटपट्टी घेतली, तिला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलं. कुठं बुडबुडा राहिला तर सुईनं टोचून दाबला.

खोटं कशाला बोलू, मला मजा आली. दिवसाउजेडी नवऱ्याबरोबर असं खांद्याला खांदा लावून काम करायची आमच्याकडं पद्धत नव्हती. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझा हात लई सरळ चालतो." मी लाजले. अजून आठवलं की स्वतःचाच राग येतो.

अडलं ते बॉनेटवर. पट्टे दोन आणि स्वस्तिक मधोमध, त्यामुळं त्याची एक बाजू एका पट्ट्याखाली येत होती आणि दुसरी दुसऱ्या. मी म्हटलं की तेलावर काही चिकटायचं नाही, रॉकेलच्या बोळ्यानं पुसून घेऊ. आत्याबाई उंबऱ्यात बसून आमच्यावर नजर ठेवून होत्याच. त्यांनी तिथूनच बजावलं की कुंकू पुसायचं नाव काढू नका, घरात सवाष्ण आहे. मग पट्टा लावायचा कसा, असं त्यांच्या लेकानं विचारलं. त्यावर त्यांनी तोड काढली, "वरून लावा की. झाकलं म्हंजे पुसलं न्हाय." नवऱ्याला ते पटलं. तेलकट कुंकवावरून आम्ही दोन्ही पट्टे ओढले आणि दाबून बसवले.

दिवसभर लोक येऊन बघून गेले. पण संध्याकाळी बॉनेट निवलं आणि स्वस्तिकाच्या जागी दोन्ही पट्ट्यांच्या कडा उचलल्या. नवऱ्याचं तोंड उतरलं. सकाळी बघू म्हणाला. मी साडीला इस्त्री केली, म्हणजे गरम तांब्या फिरवला, आणि प्रमाणपत्रं पिशवीत घालून ठेवली.

शनिवारी मी पहाटेच उठले. तांब्याभर पाण्यात अंघोळ केली, वेणी घातली, साडी नेसले. बाहेर आले तर नवरा बॉनेटवर वाकलेला. उचललेले तुकडे ब्लेडनं कापून काढले होते आणि तिथं नवे लावायचं चाललं होतं. रांजणातलं पिण्याचं पाणी घेतलं होतं. कुंकू त्यानं आताही पुसलेलं नव्हतं, आईच्या शब्दाबाहेर तो नव्हता. मला म्हणाला, जरा टोक धर. मी धरलं. मुलाखतीची साडी नेसून, पदर काखेत दाबून, मी टोक धरून उभी राहिले.

एवढ्यात मुक्कामी गाडी निघाली. तिचा कंडक्टर मला ओळखायचा. मला उस्मानाबादला जायचंय हे त्याच्याही कानावर गेलेलं. त्यानं आमच्या दारापुढं गाडी थांबवली आणि खिडकीतून विचारलं, "येताय नव्हं, वैनी?" मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मान वर न करता सांगितलं की आम्ही आमच्या गाडीनं जाणार आहोत. कंडक्टरनं घंटी मारली. एसटी गेली आणि तिचा फुफाटा बराच वेळ हवेत राहिला. तेव्हा माझे हात रिकामे असते तर मी चढले असते, असं मी किती वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते खरं नाही. माझा त्याच्या शब्दावर विश्वास होता, म्हणून चढले नाही.

साडेसातला मी म्हटलं, आता निघू या. तो हात पुसत होता. म्हणाला की गाडी आज काढता येणार नाही. मला आधी कळेचना. मग त्यानं समजावून सांगितलं, अगदी सावकाश, बारक्या पोराला सांगावं तसं. दुकानदारानं बजावलंय की पट्टे लावल्यावर चोवीस तास गाडी हलवायची नाही. वारं लागलं की कडा उचलतात, फुफाटा आत शिरतो, सगळी मेहनत पाण्यात. काल लावलेले ठीक होते, पण बॉनेटवरचे आता लावलेत. उद्या चेअरमन येणार.

मी विचारलं की हे सहा वाजता का सांगितलं नाही. म्हणाला, कामाच्या नादात ध्यानात राहिलं नाही. मी म्हटलं, बॉनेटवर पोतं बांधा, फुफाटा लागणार नाही. म्हणाला, लोक हसतील. मी म्हटलं, मग सायकलवर मागं बसवून हायवेपर्यंत तरी सोडा. म्हणाला, चाकात हवा नाही. मी आत्याबाईंकडं बघितलं, त्या भाकरी थापत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. मी पिशवी उचलली आणि चालायला लागले. मागून तो म्हणाला की आता जाऊन काय उपयोग, पुढल्या वर्षी पुन्हा येईल की पत्र.

दोन कोस चालले. फुफाट्यात साडीचे काठ माखले, चप्पल तुटली ती हातात घेतली. हायवेला येईस्तोवर साडेनऊ झाले. नळदुर्गपर्यंत एक गाडी मिळाली, तिथून तुळजापूरची, तिथून उस्मानाबादची. ऑफिसात पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. व्हरांड्यात मुलाखत देऊन आलेल्या पोरी शेंगा खात बसल्या होत्या. यादी हातात असलेला कारकून भला माणूस होता. त्यानं माझे पाय बघितले, मला बसायला सांगितलं, आणि मग सांगितलं की बाई, तुमचं नाव तीनदा पुकारलं, साहेब उठून गेले. मी त्याला काय सांगणार होते? मोटारीचे पट्टे ओले होते म्हणून? मी म्हटलं, एसटी चुकली. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि तोंडात पदर धरून रडले. बापाला काय सांगू, हेच सारखं मनात येत होतं.

परत जळकोटच्या फाट्यावर उतरले तेव्हा दिवस मावळायला आला होता. फाट्यावर आमची गाडी उभी. नवरा मला न्यायला आला होता. त्यानं दार उघडून धरलं, प्यायला पाणी आणलं होतं तेही दिलं. चोवीस तास अजून भरले नव्हते, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. पाय सुजले होते. मी बसले. वाटेत त्यानं विचारलं, लांबून पट्टे कसे दिसतात. मी म्हटलं, चांगले दिसतात.

दुसऱ्या दिवशी चेअरमन आले ते आधीच्या गावचा कार्यक्रम लवकर आटोपून, वेगळ्या वाटेनं. हा फाट्यावर गाडी घेऊन उभा राहिला आणि तिकडं गोदामाची फीत कापून झाली. मला हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

पुढं मी दोनदा अर्ज केला. पहिल्यांदा बोलावणं आलं नाही, दुसऱ्यांदा वय बसलं नाही. बाप एकदाच विचारून गेला, मी त्यालाही एसटी चुकली असंच सांगितलं. त्यानं खरं मानलं. एसटीला त्यानं शिव्या दिल्या आणि भाकरी न खाताच गावाकडं परतला.

बॉनेटवरचे पट्टे काही टिकले नाहीत. तेलानं पुन्हा पुन्हा उचलायचे. शेवटी नवा तुकडा आणायला दिवाळीच्या आधी आम्ही सोलापूरला गेलो, आत्याबाईंचा चष्माही करायचा होता म्हणून त्या आणि मीही बरोबर. त्या दुकानासमोर एका टॅक्सीला पट्टे लावायचं चाललं होतं. कारागिरानं शेवटचं टोक दाबलं, ड्रायव्हरनं गाडी चालू केली आणि भर्रकन निघून गेला. मी बघतच राहिले. दुकानदाराला विचारलं, हिला चोवीस तास उभी ठेवायची नसते का?

"कशाला ओ ताई? लावायचं आणि निघायचं. फक्त दोन दिवस धुवायची न्हाय." मग त्यानं नवऱ्याकडं बोट दाखवलं, "साहेबांना तवाच सांगितलंय की."

नवरा गुंडाळ्या चाचपत होता. त्याचे कान लाल झाले. माझ्या तोंडाला पानं पुसली गेली होती आणि सुतळी ताणायला मीच होते. तुकडा घेऊन, आत्याबाईंना मागं बसवून आम्ही परत निघालो. वाटेतलं अणदूर मागं पडलं तेव्हा त्यांना डुलकी लागली होती. मग मीच विचारलं. आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं की मला पाठवायचं नव्हतं तर सरळ नको का म्हणाला नाहीत.

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "नको म्हणलं असतं तर तू भांडून गेली असतीस. नोकरी लागली असती. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भूमला न्हाय तर आणखी कुठं टाकलं असतं तुला. मग आईकडं कुणी बघायचं, मी घरी येऊन कुणाचं तोंड बघायचं?"

मी म्हटलं, नोकरी लागलीच असती हे कशावरून? नापासही झाले असते.

"नापास व्हशील असं वाटलं असतं," तो म्हणाला, "तर मीच न्हेऊन सोडलं असतं तुला."

हे तो माझं कौतुक केल्यासारखं म्हणाला.